मुलीचं कौन्सेलिंग चालू ठेवू की बंद करू?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावातून एका आईने लिहिलंय. मुलगी दहा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत भावकीतल्याच एका माणसाने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला, दोन महिन्यांनी तिने आईला सांगितलं, आईने तक्रार दिली. पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) केस चालू आहे, तो जामिनावर सुटून त्याच गल्लीत राहतो. मुलीला दर आठवड्याला शहरात एका कौन्सेलर मॅडमकडे नेतात, एसटीने जाऊन येण्यात आख्खा दिवस जातो. मुलगी आत आणि आई बाहेर बाकावर. आधी चित्रं, माती, श्वासाचे खेळ चालायचे, आता मॅडम म्हणतात की झालेलं हळूहळू लिहून काढूया, आणि तेव्हापासून मुलगी परत अंथरूण ओलं करायला लागलीये, चिडते, आईला सोडत नाही. सासूबाई म्हणतात खपली कशाला काढता, विसरली असती पोर. नवरा म्हणतो गप्पा मारायचे एवढे पैसे? गोळ्या का देत नाहीत? ओळखीतले एक जण म्हणतात साक्ष होईपर्यंत कौन्सेलिंग बंद ठेवा नाहीतर केस पडेल. कुणी दोन दिवसांचं 'ट्रॉमामुक्ती' शिबिर सुचवलंय, आणि मावशी म्हणते पुण्याला माझ्याकडे पाठव, शाळा बदलली की सगळं मागे पडेल. आई विचारते, ह्या सगळ्याचा खरंच काही उपयोग होतो का, की मीच तिला त्रास देतीये?

उत्तर:

ताई, आधी सरळ उत्तर देते. थांबवू नका, पण आत्ता चाललंय तसंच्या तसं चालूही ठेवू नका. ह्या दोन्हीच्या मधे बरंच काही करण्यासारखं आहे.

सासूबाईंचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते तुमच्या मनातही कुठेतरी बसलंय असं पत्र वाचून वाटलं. 'विसरली असती.' पण ताई, तिने दोन महिन्यांनी स्वतःहून येऊन तुम्हाला सांगितलं ना? म्हणजे दोन महिने ती ते विसरत नव्हती, एकटी सांभाळत होती. मूल गप्प आहे म्हणजे विसरलंय हा अंदाज आपण मोठी माणसं लावतो कारण तसं असेल तर आपल्यालाही बरं पडतं. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने 2007 साली एक मोठा अभ्यास छापला होता, 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून केलेला, त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी तोवर कुणाला काही सांगितलंच नव्हतं. तुमच्या मुलीने सांगितलं आणि तुम्ही विश्वास ठेवून पोलिसांपर्यंत गेलात, भावकीला न जुमानता, हे किती अवघड असतं ते मला माहितीये. तिच्या बरं होण्यातला एक मोठा भाग तिथेच सुरू झाला, कौन्सेलरकडे जायच्याही आधी.

खपलीचं उदाहरण मला अर्धंच पटतं. जखम आतून स्वच्छ असेल तर खपली काढू नये, खरंय. पण आत पू असेल तर डॉक्टर काय करतो? आणि पू आहे की नाही हे बघितल्याशिवाय कसं कळणार, एवढाच प्रश्न आहे.

आता उपयोग होतो का ह्यावर येते, कारण इथे दोन्ही बाजूंनी थापा मारल्या जातात. काही जण म्हणतात एकदा असं झालं की मूल आयुष्यभरासाठी संपलं, हे साफ खोटं. 1993 साली अमेरिकेत 45 अभ्यास एकत्र तपासून एक आढावा लिहिला गेला, तो अजूनही सगळे वापरतात, त्यात असं दिसलं की साधारण एक तृतीयांश मुलांमधे मोजता येण्यासारखी लक्षणंच नव्हती, आणि बाकीच्यांपैकी पुष्कळ मुलं वर्ष-दीड वर्षात सुधारत गेली. थोडी मुलं मात्र वेळ जाईल तशी बिघडत गेली. म्हणजे सगळ्याच मुलांना लांबलचक उपचार लागतात असं नाही आणि कुणालाच लागत नाहीत असंही नाही. तुमच्या मुलीला लक्षणं आहेत, म्हणून तिला लागतायत, बस.

लक्षणं असलेल्या मुलांसाठी जगभर सगळ्यात जास्त तपासलेली पद्धत म्हणजे ट्रॉमा फोकस्ड सीबीटी, म्हणजे मनावर झालेल्या आघातावर (ट्रॉमावर) विचार, भावना आणि वागणं ह्यांच्यामार्फत काम करणारी थेरपी. अमेरिकेतल्या कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंगर ह्या तिघांनी ती बांधली. साधारण 12 ते 16 सेशन्स, कधी कमी कधी जास्त. आधी मुलाला शरीर शांत करायचं शिकवतात, मग भावनांना नावं द्यायला, मग विचार आणि भावना कशा जोडलेल्या असतात ते, आणि हे सगळं जमायला लागलं की मग झालेली गोष्ट थोडी थोडी करून मांडायची, लिहून नाहीतर चित्रातून. तुमच्या मॅडमचा क्रम ऐकून मला वाटतंय की त्या ह्याच वाटेने चालल्यात, म्हणजे चित्रं आणि माती हा टाइमपास नव्हता, ती तयारी होती. ह्या पद्धतीची 2004 साली 8 ते 14 वयाच्या 229 मुलांवर चाचणी झाली, तेव्हा दुसऱ्या गटाला नुसतं प्रेमाने ऐकून घेणारी, मूल नेईल तिकडे जाणारी थेरपी दिली होती. सुधारणा दोन्ही गटांत झाली पण ट्रॉमाची लक्षणं, लाज, नैराश्य ह्या बाबतीत ट्रॉमा फोकस्ड गट पुढे होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मधे लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्यातही लक्षणं असलेल्या मुलांसाठी ह्याच पद्धतीचा विचार करावा असं आहे.

दुसरी बाजूही सांगते. 2012 मधे कॉक्रेन ह्या संस्थेने, जी असल्या अभ्यासांची चिकित्सा करण्यात फार कडक आहे, 10 चाचण्या आणि 847 मुलं धरून हिशोब केला तेव्हा निष्कर्ष मवाळच निघाला, म्हणजे भीती आणि ट्रॉमाच्या लक्षणांवर मध्यम फायदा दिसतो, बाकी ठिकाणी ठामपणे सांगता येत नाही. त्यामुळे कुणी शंभर टक्के गॅरंटी देत असेल तर तिथून उठा. पण मध्यम फायदा म्हणजे काय ते तुमच्या घरात बघा ना, मूल रात्री झोपतं, शाळेत जातं, पुरुष शिक्षक वर्गात आले की थरथरत नाही. मला तरी हे थोडं वाटत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी एवढं लांब लिहायला बसले ती. तुम्ही लिहिलंय की मुलगी आत असते आणि तुम्ही बाहेर बाकावर. 1996 साली ह्याच डेब्लिंगर बाईंनी मुलांचे गट करून बघितलं होतं, एकात फक्त मुलावर उपचार, एकात फक्त आईबरोबर काम, एकात दोघांबरोबर. निकाल असा आला की मुलाला स्वतःला सेशन मिळालं तर ट्रॉमाची लक्षणं कमी झाली, पण चिडचिड, उलट वागणं आणि उदासी जास्त कमी झाली ती आईबरोबर काम झालेल्या गटांत. ताई, तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी चिडणं आणि तुम्हाला चिकटून राहणं हे घरातच घडतंय, त्या खोलीत नाही. आठवड्यातला एक तास मॅडमचा आणि बाकीचे सगळे तास तुमचे, आणि त्या तासांत काय करायचं हे तुम्हाला कुणी शिकवलेलंच नाही! पुढच्या वेळी बाकावर बसू नका. मॅडमना स्पष्ट सांगा की प्रत्येक सेशनमधली 15-20 मिनिटं मला द्या, ती काय शिकली ते मला दाखवा, घरी तिने काही विचारलं तर मी काय बोलायचं ते सांगा. चांगल्या कौन्सेलरला ह्याचा राग येत नाही. मुलीने काय काय सांगितलं ते सगळं तुम्हाला कळलंच पाहिजे असं मात्र नाही हं, तिची थोडी खासगी जागा राहू दे, तुम्हाला पद्धत कळायला हवी.

मग लिहून काढायला लागल्यापासून बिघडलं त्याचं काय? त्या टप्प्यावर काही मुलांची लक्षणं थोडे दिवस वर येतात, हे माहितीतलं आहे, आणि बहुतेकांची पुन्हा खाली जातात. 2011 मधे 4 ते 11 वयाच्या मुलांबरोबर हेच तपासलं होतं, की लिहून काढण्याचा भाग घ्यायचा की वगळायचा, तर घटनेची भीती कमी व्हायला तो भाग असलेलं आठ सेशन्सचं रूप जास्त उपयोगी ठरलं, आणि तो भाग वगळून आईवडिलांच्या तयारीला जास्त वेळ दिलेल्या सोळा सेशन्सच्या रूपात घरातलं वागणं जास्त सुधारलं. ह्याचा अर्थ मी असा घेते की लिहिणं टाळायचं नाही पण वेग मुलीच्या कलाने ठेवायचा. मॅडमना अंथरुणाचं सांगितलंत का तुम्ही? पत्रात तसं काही नाही, आणि पुष्कळ आया सांगत नाहीत, मॅडमना वाईट वाटेल म्हणून किंवा मुलीची लाज वाटते म्हणून. सांगा. त्या दोन पावलं मागे येतील, परत श्वासाचे खेळ, परत चित्रं, मग पुढे. आणि हे लक्षात ठेवा, मरायच्या गोष्टी करणं, स्वतःला इजा करणं, खाणं सोडणं, शाळेला जायचं पूर्ण बंद करणं, मधेच हरवल्यासारखं होऊन हाक मारली तरी ऐकू न येणं, ह्यातलं काहीही दिसलं तर पुढच्या सेशनची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा आणि बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

गोळ्यांचं तुमच्या मिस्टरांना सांगा की डॉक्टर हात आखडता घेतायत असं नाहीये. मुलांच्या ट्रॉमावर नैराश्याची औषधं वापरू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेनेच 2013 मधे म्हटलंय. नैराश्य वेगळं आणि खूप असेल तर मानसोपचारतज्ज्ञ विचार करतील, पण तो निर्णय त्यांचा, मेडिकलवाल्याचा नाही. आणि खरं सांगू का, गोळी मागणाऱ्या बापाला बहुतेक वेळा आपण काहीच करू शकत नाही हे सहन होत नसतं. त्यांना एकदा बरोबर न्या. एक दिवसाची मजुरी बुडेल, मान्य, पण मुलीच्या डोळ्यांसमोर बाप तिच्यासाठी एसटीत बसला ह्याचा तिच्यावर होणारा परिणाम कुठल्या गोळीत नाही.

आता केसचं. साक्ष होईपर्यंत कौन्सेलिंग बंद ठेवा हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकलाय की राग येतो. असा कुठलाही कायदा नाही. पोक्सोच्या कलम 35 प्रमाणे कोर्टाने दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण व्हायला हवा, पण प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात हे तुम्हाला मी काय सांगायचं. तेवढी वर्षं मुलाने उपचाराविना काढायची? काळजी एवढीच घ्यायची की मॅडमना केस चालू असल्याचं माहीत हवं, त्यांनी मुलीच्या तोंडात शब्द घालू नयेत, असं झालं होतं का तसं झालं होतं का असं विचारू नये, आणि आपल्या नोंदी नीट ठेवाव्यात. तुम्हीही घरी साक्षीची उजळणी करून घेऊ नका, पढवलंय म्हणायला समोरचा वकील टपलेलाच असतो. हे सरकारी वकिलांशी एकदा बोलून घ्या. आणि मुलीला आधीच सांगा की कोर्टात तिचं विश्वासाचं माणूस बरोबर राहू शकतं, प्रश्न वकील थेट विचारणार नाही, न्यायाधीशांमार्फत येतील, आणि साक्ष देताना तो माणूस तिच्या समोर येणार नाही अशी व्यवस्था कोर्टाने करायची असते. हे सगळं कायद्यात आहे, पण मागितलं नाही तर कधीकधी मिळत नाही. 2020 च्या पोक्सो नियमांप्रमाणे बालकल्याण समिती तुम्हाला सपोर्ट पर्सन देऊ शकते, पोलीस स्टेशन, दवाखाना, कोर्ट सगळीकडे सोबत करणारं माणूस. तुम्हाला कुणी दिलेलं दिसत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन लेखी मागा.

पण ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीये, तो त्याच गल्लीत राहतो ही. मुलगी शाळेला जाताना त्याच्या दारावरून जाते का? गौरीगणपतीला, जत्रेला, भावकीतल्या लग्नाला तो समोर असतो का? असं असेल तर जगातली कुठलीही थेरपी अर्धीच लागू पडणार, कारण थेरपी मुलाला सांगते की धोका संपला, आणि इथे धोका रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसलेला असतो. अंथरूण ओलं होण्याचं कारण वहीतलं लिखाण आहे की हे, ते मला इथे बसून सांगता येणार नाही, पण मी आधी हे तपासलं असतं. शाळेचा रस्ता बदला, कुणी मोठं माणूस सोबत द्या, आणि जिथे तो येणार त्या कार्यक्रमाला मुलीला न्यायचं नाही, नातेवाईक काय म्हणतील ते म्हणू देत. तो किंवा त्याच्या घरचे तडजोडीसाठी दबाव आणत असतील, 'पोरीच्या लग्नाचं बघा' वगैरे, तर तारीख-वार लिहून ठेवा आणि सरकारी वकिलांना, तपास अधिकाऱ्यांना लेखी द्या, त्यावरून जामीन रद्द करण्याची मागणी करता येते.

ह्याच कारणासाठी मावशीचा पर्याय मी सरसकट उडवून लावत नाही. मावशी ज्या कारणासाठी म्हणतेय, की शाळा बदलली की सगळं मागे पडेल, ते चूक आहे, पण सुरक्षित घर हे कारण बरोबर आहे. फक्त एकटं पाठवू नका. दहा वर्षांच्या मुलीला आपण सांगितलं आणि आपल्यालाच घराबाहेर काढलं असं वाटायला वेळ लागत नाही, आणि तो मात्र गल्लीत राहणार. तुम्ही काही महिने बरोबर जाऊ शकत असाल तर जरूर विचार करा, पुण्यात कौन्सेलिंगचे पर्यायही जास्त मिळतील. तिलाही विचारा. नुसतं सांगू नका, विचारा.

शिबिराला नको. दोन दिवसांत सगळ्यांसमोर रडवून घेतलं, टाळ्या वाजल्या, आणि सोमवारी मूल परत घरी, पुढे कुणी बघणारं नाही. एकाच बैठकीत सगळं बोलून घेण्याचा प्रकार मुलांवर वापरूच नये असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या त्या सूचनांमधेही स्पष्ट आहे. वर चार लोकांना ओळख कळते ती वेगळीच.

तुमच्यासारख्या दुसऱ्या पालकांसाठी थोडं. कौन्सेलरना हे विचारायला लाजू नका, की तुमचं शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असाल तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का, अत्याचार झालेल्या मुलांबरोबर आधी काम केलंय का, एकूण किती सेशन्सचा अंदाज आहे, आणि फरक पडतोय हे आपण कशावरून ठरवायचं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सुरुवातीला एखादी प्रश्नावली भरून घेतली असेल तर सहा-आठ सेशन्सनी तीच परत भरून बघता येते, नाहीतर घरच्या वहीत आपणच लिहायचं, किती रात्री झोपमोड झाली, शाळा किती दिवस बुडाली, मैत्रिणींबरोबर खेळली का. तिला आठवतं का हे मोजू नका, आठवणारच. आठवलं तरी ती पुन्हा खेळायला जाते का हे मोजा. दहा-बारा सेशन्स नीट होऊनही वहीत काहीच हललं नाही तर पद्धत किंवा माणूस बदलायचा, त्यात कुणाचा अपमान नाही.

आणि मोठ्या शहरातला मोठा डॉक्टर नाही म्हणून हातपाय गाळू नका. झांबियातल्या लुसाकामधे 5 ते 18 वयाच्या 257 मुलांवर ही पद्धत वापरली, ती मानसतज्ज्ञ नसलेल्या, स्थानिक, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या लोकांनी. 2015 मधे निकाल छापून आला. ट्रॉमाची लक्षणं जवळजवळ 82 टक्क्यांनी खाली आली, नेहमीची मदत मिळालेल्या गटात 21 टक्के. म्हणजे पाटीवरच्या डिग्रीइतकंच प्रशिक्षण आणि देखरेख महत्त्वाची. मुंबईत अर्पण नावाची संस्था 2006 पासून फक्त ह्याच विषयावर काम करते. पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात विचारा, टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, मुलांसाठीचा 1098 आहेच. अत्याचार झालेल्या महिला आणि मुलांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेच्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि पोक्सोच्या कोर्टाकडून खटला चालू असतानाही अंतरिम भरपाई मागता येते. तुम्ही दोन्ही मागितलेलं नाही असं दिसतंय, एसटीचं आणि फीचं निदान त्यातून निघेल. आणि अजून तक्रार न केलेले पालक हे वाचत असतील तर त्यांनी एवढं समजून घ्या की कलम 19 प्रमाणे कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे, कौन्सेलरलाही, त्यामुळे 'कुणाला सांगू नका' अशी अट घालून उपचार सुरू करता येत नाहीत.

अंथरुणाबद्दल एक राहिलं. रागावू नका, आणि सासूबाईंनाही रागवू देऊ नका. चादर तिच्याच मदतीने बदला, काही न बोलता, रात्री झोपायच्या आधी एकदा बाथरूमला नेऊन आणा, आणि तीन-चार आठवड्यांनी कमी झालं नाही किंवा लघवीला जळजळ होत असेल तर लघवी तपासून घ्या, दर वेळी कारण मनातलंच असतं असं नाही. पुढच्या सेशनच्या आदल्या दिवशी मॅडमना फोन करून ठेवा, अंथरुणाचं सांगा, तुमची वीस मिनिटं मागून घ्या, आणि मिस्टर येणार असतील तर तेही सांगून ठेवा म्हणजे त्या त्यांच्यासाठीही वेळ काढून ठेवतील.